बाईंची वही आणि सिग्नलवरच्या गप्पा

या केसमध्ये मोठं संकट कुठेच नाही. घरात कुणी आजारी नाही, हप्ता थकलेला नाही, नवराबायकोत अबोला नाही. जिल्हा परिषदेची कायम नोकरी, नाशिकच्या इंदिरानगरला स्वतःचा फ्लॅट, दोन मुलं, हिंडत्याफिरत्या सासूबाई. तरी एक शिक्षिका समुपदेशनासाठी माझ्यासमोर बसून म्हणाल्या, "ताई, सगळं नीट आहे. पण काही गोड लागत नाही."

अशा माणसाला आपल्याकडे ठरलेली दोन उत्तरं मिळतात. एक, तुमच्याकडे किती आहे ते बघा. दुसरं, छोट्या छोट्या गोष्टींत आनंद शोधा. पहिलं उत्तर मला कधीच आवडलं नाही. त्यात सल्ला कमी आणि दटावणी जास्त असते. दुसरं या बाईंना माझ्याकडे येण्याआधीच मिळालं होतं आणि त्यांनी ते मनापासून करून पाहिलं होतं. त्यातून काय झालं आणि पुढे कशाने थोडाफार फरक पडला, ते इथे लिहिते. घरच्यांची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. नाव देत नाही, नुसतं बाई म्हणते. पाड्यावर लहानथोर सगळे त्यांना तसंच म्हणतात.

घर, शाळा आणि मधला रस्ता

बाईंचं वय एक्केचाळीस. माहेर येवल्याचं, सासर मूळचं पंचवटीतलं. यजमान अंबडच्या औद्योगिक वसाहतीत शिफ्टने काम करतात. मुलगी नववीत, मुलगा चौथीत, दोघंही खासगी इंग्रजी शाळेत. झेडपीच्या बाईंची मुलं झेडपीत का नाहीत, हा टोमणा त्यांना वर्षातून चारदा तरी ऐकावा लागतो. तो या केसचा विषय नाही, म्हणून मी त्यात शिरले नाही.

शाळा त्र्यंबक तालुक्यातल्या एका पाड्यावर, द्विशिक्षकी, पहिली ते चौथी. पहिली-दुसरी गुरुजींकडे, तिसरी-चौथी बाईंकडे आणि वर मुख्याध्यापकपदाचा प्रभार. पहाटे पाचला उठून चार डबे, मग स्कूटीवरून एबीबी सर्कल. तिथे गाडी लावायची आणि त्याच बाजूला जाणाऱ्या शिक्षिकांनी मिळून लावलेल्या गाडीत बसायचं. पिंपळगाव बहुला, महिरावणी, अंजनेरी, मग डांबरी सोडून आत. पावसाळ्यात सातपूरला रिमझिम असते आणि अंजनेरीच्या पुढे वायपर पुरत नाही.

शाळेत परिपाठ झाला की पोषण आहाराचे तांदूळ मोजायचे, हजेरी ऑनलाइन भरायची, यू-डायस या शाळांच्या सरकारी माहितीनोंदीतल्या चुका दुरुस्त करायच्या, कुणाच्या आधारमधलं नाव शाळेच्या नोंदीशी जुळत नसेल तर त्या पालकांना शोधायचं. पालक बहुधा दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागेत मजुरीला गेलेले. 'दुपारी बारापर्यंत माहिती सादर करावी' हा मेसेज साडेअकराला येतो आणि रेंज मिळते ती फक्त पाण्याच्या टाकीजवळ. बाई हे सगळं हसत सांगत होत्या. तक्रार म्हणून सांगायचीही त्यांना सवय उरली नव्हती.

संध्याकाळी सव्वासहाला घरी. चहा, मुलाचा अभ्यास, स्वयंपाक, आठवड्यातून तीन दिवस मुलीला कॉलेज रोडच्या क्लासवरून आणायचं. रात्री साडेआठनंतर फोनवर शाळेच्या कामाच्या ग्रुपवर उद्याच्या माहितीचे नमुने यायला लागतात.

माझ्याकडे येण्याचं निमित्त मुलगी झाली. तिला शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात बक्षीस मिळालं होतं. आईला सांगितलं तेव्हा आई कणीक मळत होती, बाजूला फोन वाजत होता. आई "हं" म्हणाली. मुलगी म्हणाली, "आई, तू हे हं सगळ्यालाच म्हणतेस. मी नापास झाले म्हटलं तरी हंच म्हणशील." पोरीने आवाज चढवला नाही, रडलीही नाही, आणि तेच बाईंना जास्त लागलं. त्या म्हणाल्या, "शाळेतली पोरं काही बोलून हसतात ना, तेव्हा मला हसायला जरा उशीर होतो. सगळे हसून झाले की माझं हसू येतं."

आधी तपासणी

इथे घाई करून चालत नाही. आयुष्यातली गोडी जाणं हे नैराश्याचंही मुख्य लक्षण आहे, आणि नैराश्य असेल तर छोट्या आनंदाच्या गप्पा मारणं म्हणजे उपचार लांबवणं. म्हणून झोप, भूक, रडू, कामातलं लक्ष, जगणं नकोसं वाटणं, सगळं विचारून घेतलं. झोप कमी होती ती वेळ नसल्यामुळे. आडवं झालं की लागत होती. सुट्टीत माहेरी गेल्यावर बाईंना बरं वाटत होतं, खाणंपिणं रुचत होतं. हा फरक महत्त्वाचा. दोन आठवड्यांहून जास्त काळ सतत उदास वाटत असेल आणि कुठेही गेलं तरी ते सुटत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला हवं. सरकारची टेलिमानस ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलते.

बाईंचं दुखणं कामाच्या थकव्याकडे झुकणारं होतं. क्रिस्टिना मॅसलॅक आणि सुसान जॅक्सन यांनी १९८१ मध्ये या थकव्याची प्रश्नावली प्रसिद्ध केली, तेव्हा त्याच्या तीन बाजू मांडल्या होत्या: आतून रिकामं होणं, ज्यांच्यासाठी काम करतो त्यांच्याविषयी कोरडं होणं, आणि आपल्या हातून काही घडत नाही असं वाटणं. बाईंमध्ये पहिली बाजू भरपूर होती, तिसरी थोडी, दुसरी जवळजवळ नाहीच. पाड्यावरच्या पोरांबद्दल बोलताना त्यांचा आवाज बदलायचा. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ साली अशा थकव्याची नोंद घेताना त्याला आजार म्हटलं नाही, कामाच्या जागेतून येणारी स्थिती म्हटलं. हे बाईंना सांगितल्यावर त्यांना हायसं वाटलं. आपल्यातच काही खोट आहे असं त्या धरून चालल्या होत्या.

वही

केंद्रावरच्या शिक्षकांच्या एका प्रशिक्षणात कुणीतरी सुचवलं होतं की रोज रात्री झोपण्याआधी दिवसातल्या तीन चांगल्या गोष्टी लिहा. बाईंनी दुसऱ्याच दिवशी शंभर पानी वही घेतली, तिला खाकी कव्हर घातलं, आखणी केली. तारीख, गोष्ट क्रमांक एक, दोन, तीन. ती वही त्यांनी मला आणून दाखवली.

पहिली पानं वाचताना बरं वाटतं. 'पहिलीतल्या मुलीने ओल्या शेंगा आणल्या, फ्रॉकच्या ओच्यात.' 'आईंनी न सांगता मेथी निवडून ठेवली.' 'महिरावणीला गाडी थांबली तेव्हा ऊन पडलं.' दोनेक आठवड्यांनी मजकूर आखडायला लागतो. 'चहा.' 'लाइट गेली नाही.' 'भाजी बरी झाली.' मग एका पानावर पहिल्या ओळीत 'मुले हसली' आणि त्याखाली दोन्ही रकान्यांत 'वरीलप्रमाणे'.

मी हसले, मग बाईही हसल्या. पुढचं त्यांनी स्वतःच सांगितलं. एका रविवारी मागच्या सगळ्या आठवड्याची वही एका बैठकीत पूर्ण केली होती आणि शंका येऊ नये म्हणून पेनं बदलून बदलून वापरली होती. टाचणवही, म्हणजे रोजच्या पाठांच्या नियोजनाची वही, अशीच भरायची सवय. हात आपोआप तसा चालला. शंका कुणाला येणार होती, हे त्यांनाही माहीत नव्हतं. ही वही तपासायला कुणीच येणार नव्हतं.

मला ही केस लिहावीशी वाटली ती या पेनांमुळे. जिचा अख्खा दिवस नोंदी भरण्यात जातो तिच्या हाती आणखी एक नोंदवही दिली, तर ती तीही भरेल, नीट आखून भरेल. मात्र त्या रकान्यात जे जाईल ते आनंद नसेल, माहिती असेल.

तीन गोष्टींची कल्पना खोटी आहे असं मात्र नाही. मार्टिन सेलिगमन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना एक आठवडाभर रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी आणि त्या का घडल्या हे लिहायला सांगितलं होतं. त्यांचं समाधान वाढलं आणि सहा महिन्यांनीही तो फरक दिसत होता. पण ती माणसं आपणहून आली होती, आणि ज्यांनी आठवड्यानंतर स्वतःच्या मर्जीने लिहिणं चालू ठेवलं त्यांना जास्त लाभ झाला. त्याच वर्षीच्या एका लेखात सोन्या ल्युबोमिर्स्की आणि सहकाऱ्यांनी आपल्या प्रयोगाविषयी लिहिलं आहे: आठवड्यातून एकदा कृतज्ञतेच्या गोष्टी आठवणाऱ्यांना सहा आठवड्यांत फरक जाणवला, आठवड्यातून तीनदा तेच करणाऱ्यांना जाणवला नाही. रोजचं झालं की त्याचा रतीब होतो. आपल्याकडचे प्रशिक्षक 'रोज' हा शब्द फार सहज वापरतात.

बाईंना म्हटलं, वही बंद करा. त्यांना ते अवघड गेलं. अर्धवट वही त्यांनी आयुष्यात कधी सोडली नव्हती. उरलेली पानं मुलाने चित्रांसाठी घेतली.

कुणाला तरी सांगणं

दुसरं सुचवलं ते एवढंच: शोधायचं नाही, लिहायचं नाही. आठवड्यातून एखाददुसऱ्या वेळी, आठवेल ती एक गोष्ट घरातल्या कुणाला तरी सांगायची. 'आज छान वाटलं' असं नाही; काय झालं, कोण होतं, कोण काय म्हणालं, हे सगळं सांगायचं.

यालाही आधार आहे. शेली गेबल आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवलं की चांगली घटना दुसऱ्याला सांगितली, तर त्या घटनेने मिळालेल्या आनंदाहून वेगळी अशी भर त्या दिवसात पडते. पण ऐकणारा कसा ऐकतो यावर बरंच अवलंबून असतं. ऐकणाऱ्याच्या प्रतिसादाचे त्यांनी चार प्रकार केले. रस घेऊन विचारणारा, चांगलं म्हणून गप्प होणारा, त्यातली खोट काढणारा आणि लक्षच न देणारा. नात्याला बळ मिळतं ते पहिल्या प्रकाराने. हे समजावताना बाई मध्येच थांबून म्हणाल्या, "म्हणजे माझं हं दुसऱ्या नंबरचं." मी म्हटलं, दुसऱ्या-चौथ्याच्या मधलं.

जागा बाईंनी स्वतः निवडली नाही, ती आपसूक मिळाली. मुलीला क्लासवरून आणताना स्कूटीवर दोघीच असतात. रस्ता ठरलेला: कॅनडा कॉर्नर, मायको सर्कल, चांडक सर्कल, तिडके कॉलनी, गोविंदनगर आणि मग इंदिरानगरच्या बोगद्यापाशी रोजची कोंडी. दोघींच्या डोक्यावर हेल्मेट, त्यामुळे चालत्या गाडीवर काही ऐकू येत नाही. मुलीने नियम काढला: गाडी थांबली की बोलायचं, हिरवा लागला की गप्प. फोन डिकीत. हा नियम बाईंनी केला असता तर दोन दिवसही टिकला नसता. मुलीचा होता म्हणून टिकला.

या जागेचा एक फायदा मला नंतर लक्षात आला. स्कूटीवर दोघींची तोंडं एकाच दिशेला असतात. चौदा वर्षांच्या मुलीला समोर बसवून 'आज काय झालं सांग' म्हटलं की ती पोलिसांना द्यावी तशी उत्तरं देते. मागे बसल्यावर तीच आपणहून बोलते.

बाईंनी सांगितलेली पहिली गोष्ट मी त्यांच्याकडून सविस्तर ऐकली. तिसरीतला एक मुलगा. आईवडील द्राक्षांच्या हंगामात बागांवर जातात तेव्हा तोही जायचा, त्यामुळे वाचनात मागे पडलेला. यंदा आजीपाशी राहिलेला. शाळा सुटल्यावर बाईंच्या पिशव्या घेऊन फाट्यापर्यंत यायची त्याला हौस. एसटी आली की तो पाटी वाचायचा, "नाशिक!" पण त्यात वाचन नव्हतं; परतीच्या सगळ्या गाड्या नाशिकलाच जातात हे त्याला ठाऊक होतं. त्या दिवशी समोरून गाडी आली, वर पाटी त्र्यंबकेश्वर. तो पुढे सरकला, मान वाकडी करून म्हणाला, "बाई, हे त-च्या खाली काय लटकलंय? आन् मागं य?" बाई फोनवर पटसंख्या टाइप करत होत्या. गाडी वळणावर थांबली तेवढ्या वेळात पोराने ओठ हलवत तीनदा जुळवाजुळव केली आणि ओरडला, "त्र्यं! त्र्यंबक! अरे, आपला त्र्यंबक हाय हा!" ज्या गावाच्या बाजाराला तो जन्मापासून जातोय ते गाव त्याला अक्षरांत सापडलं होतं. बाई म्हणाल्या, "हं, बरोबर." आणि पटसंख्या पाठवून दिली.

फाट्यावर आनंद झाला नव्हता. तो झाला मायको सर्कलला, तीन तासांनी. कॅनडा कॉर्नरला पाटीपर्यंत गोष्ट आली आणि हिरवा लागला. मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न दिला. मायकोपर्यंत मुलगी थांबली आणि गाडी थांबताक्षणी मागून विचारलं, "मग? वाचलं का त्याने?" बाई सांगायला लागल्या आणि सांगता सांगता त्यांना तो मुलगा नीट दिसला: वाकडी मान, ओठांची हालचाल, पिशवीचा बंद कपाळाला अडकवलेला. त्या म्हणाल्या, "ताई, जोडाक्षर वाचलं त्याने. तीन व्यंजनांचं. मी तिथेच उभी होते आणि मला दिसलं नव्हतं."

थकलेल्या माणसाच्या दिवसात चांगलं काही घडत नाही असं नसतं. ते घडतं तेव्हा त्याला वेळ नसतो. नंतर कुणी 'मग?' म्हणून विचारलं, तर ती गोष्ट पुन्हा घडवून बघता येते. वही हे विचारत नाही.

घरातले इतर श्रोते

सगळ्यांनाच ऐकता येतं असं नाही. हीच गोष्ट बाईंनी जेवताना यजमानांना सांगितली. ते मनापासून म्हणाले, "अगं मग फोटो काढायचा ना एसटीसोबत! ग्रुपवर टाकला असतास तर साहेब खूश झाले असते." बाई पुढे बोलल्याच नाहीत. त्यात त्यांचं वाईट काहीच नव्हतं, बायकोचं काम वरिष्ठांना दिसावं एवढीच इच्छा. पण शाळांमध्ये हल्ली प्रत्येक गोष्टीचा फोटो काढून वर पाठवावा लागतो. वृक्षारोपण, हात धुणं, पुस्तक वाचणं, काहीही. जे एक क्षण बाईंचं होतं त्याचाही उपक्रम झाला. मी यजमानांना एकदा बोलावून हे सांगितलं. ते कारखान्यातले, मुद्द्याचं बोलणारे. म्हणाले, "मग मी काय म्हणायचं?" मी म्हटलं, "नुसतं 'मग?' म्हणा." पुढे बाईंनी हसत सांगितलं की आता हे कशालाही 'मग?' म्हणतात, दूध उतू गेलं म्हटलं तरी.

सासूबाईंची गोष्ट वेगळी. त्या ऐकायच्या, "बरं झालं" म्हणायच्या आणि लगेच स्वतःचं काहीतरी सुरू करायच्या. सुरुवातीला बाईंना वाटायचं, आपलं राहिलं बाजूला. पण सासूबाई पंचवटीत वाढलेल्या आणि त्यांच्याकडचा साठा मोठा. ऑगस्टमध्ये गंगापूर धरणातून पाणी सोडलं, गोदावरी चढली आणि नाशकात सगळीकडे विचारतात तसं घरातही विचारलं गेलं, "दुतोंड्या मारुतीला पाणी कुठपर्यंत आलं?" गुडघे, कंबर, छाती, अशी पुराची मोजणी नाशिककर पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत. त्या रविवारी सगळं घर होळकर पुलावर गेलं. पोलीस पुढे जाऊ देत नव्हते, गर्दी भरपूर, अंगावर पाऊस, नातवाने आजीचा हात धरलेला. नारोशंकराच्या देवळाकडे बोट दाखवत त्या लहानपणच्या पुराचं सांगत राहिल्या. येताना भजी. खर्च भज्यांचाच. बाईंनी मला हे सांगितलं तेव्हा मी विचारलंही नव्हतं.

मुलाची तक्रार

इथपर्यंत सगळं सुरळीत झालं असं वाटेल. पण चौथीतला मुलगा एके दिवशी जेवणावरून उठला आणि म्हणाला, "तू सारखं तुझ्या शाळेतल्या मुलांचंच सांगतेस. मी पण वाचतो की!"

त्याचं बरोबर होतं. आईच्या गोष्टींत त्या पाड्यावरचा मुलगा हिरो, ताई श्रोता, आणि याच्या वाट्याला संध्याकाळची आई: गृहपाठ घेणारी, स्पेलिंग चुकलं की फोनवरून नजर न काढता "परत लिही" म्हणणारी. डॅनियल कानमन आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये टेक्ससमधल्या ९०९ नोकरदार स्त्रियांना आदल्या दिवसाचा तासातासाचा हिशेब आणि त्या त्या वेळी वाटलेल्या भावना विचारल्या. मुलांची देखभाल करतानाचा वेळ सुखाच्या क्रमवारीत स्वयंपाकाच्या आणि टीव्ही बघण्याच्याही खाली निघाला. तळाशी होतं नोकरीचं काम आणि जाण्यायेण्याचा प्रवास. हे वाचून बऱ्याच आयांना अपराधी वाटतं, काहींना हुश्श वाटतं. मुलं जिवापाड आवडणं आणि सव्वासात वाजता त्यांचा गृहपाठ घेणं, या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. शिक्षक-आईला तर तेच काम दिवसात दुसऱ्यांदा करावं लागतं, आणि दुसऱ्या वेळी संयम संपलेला असतो.

तेव्हा गृहपाठ बाबांकडे गेला, पहिल्या पाळीच्या आठवड्यात तरी. बाईंनी मुलासोबत काहीही न शिकवता बसायचं ठरवलं. ते फार जमलं असं नाही. दोघं बसायचे, पाच मिनिटांत बाई त्याचं अक्षर सुधारायला लागायच्या.

संक्रांतीला मात्र वेगळं घडलं. येवल्यात संक्रांतीचा पतंगोत्सव तीन दिवस चालतो आणि येवल्याच्या मुलीला पतंग उडवता येत नाही असं फारसं होत नाही. बाईंनी लग्नानंतर पतंगाला हात लावला नव्हता. मुलगा गच्चीवर चक्री घेऊन धडपडत होता, पतंग दर वेळी पाण्याच्या टाकीवर आदळत होता. बाई तिळगुळाची ताटली घेऊन वर गेल्या, थोडा वेळ बघत राहिल्या, मग पदर खोचून म्हणाल्या, "दे इकडे. कन्नीच चुकलीय तुझी." त्यांनी कन्नी सोडून पुन्हा बांधली, पतंग डोक्यावर धरून वाकवून पाहिला, एका बाजूला चिंधी लावली आणि ढील दिली. शेजारच्या इमारतीवरच्या पोरांचा पतंग पाचव्या मिनिटाला कटला. मुलगा ओरडला नाही, तो आईकडेच बघत राहिला. मग विचारलं, "तुला कुणी शिकवलं?" त्यावर येवल्यातला मामा, मांजा गुंडाळायची मोठी लाकडी आसारी, गच्ची-गच्चीवर वाजणारी हलकडी, सगळं निघालं. मांजा साधाच हवा, नायलॉन आणलास तर पतंग बंद, हेही सांगून झालं. नाशकात त्या मांजाने गळे चिरल्याच्या बातम्या दर संक्रांतीला येतात.

या एका दुपारी शोधणं नव्हतं, सांगणंही नंतरचं. बाई स्वतः काहीतरी करत होत्या, जे त्यांना उत्तम येत होतं आणि ज्याचा अहवाल कुणाला द्यायचा नव्हता. माझ्या मते त्यांच्या 'आपल्या हातून काही घडत नाही' या भावनेवर गच्चीवरच्या त्या तासाने जेवढं काम केलं तेवढं माझ्या भेटींनी केलं नसेल.

श्रेय कशाला द्यायचं

प्रकरण अभ्यासात इथे सुबक निष्कर्ष येतो. या केसमध्ये तो काढता येत नाही, कारण मधल्या काळात दुसराही एक बदल झाला होता. बाई आणि गुरुजींनी ऑनलाइन कामाची वाटणी केली: एक दिवस ग्रुपकडे गुरुजी बघणार, एक दिवस बाई. प्रभार बाईंकडेच असल्याने सही त्यांचीच. पण ज्या दिवशी पाळी नाही त्या दिवशी रात्री साडेआठनंतर फोन बघायचा नाही. क्लासचे तीन दिवस मुद्दाम गुरुजींच्या पाळीत घेतले. सिग्नलवरच्या गप्पांना डोकं मोकळं मिळालं ते यामुळे. फक्त गप्पा सुचवल्या असत्या आणि फोन वाजत राहिला असता, तर 'वरीलप्रमाणे'ची दुसरी आवृत्ती निघाली असती असं मला वाटतं.

म्हणून शिक्षकांसाठी आनंदाच्या कार्यशाळा घेणाऱ्यांना माझं एक सांगणं असतं: आधी अर्धा तास मोकळा करून द्या, मग त्या अर्ध्या तासात काय करायचं ते सांगा. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २७ नुसार शिक्षकांना दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकीची कामं सोडून इतर अशैक्षणिक कामाला जुंपता येत नाही. कायदा हे म्हणतो आणि रोजची माहिती कोणत्या खान्यात बसते यावर वाद घालत बसावं लागतं. बाईंनी एकदा यावर अर्ज करायचं मनात घेतलं होतं. तेवढ्यात मतदार यादीचं काम आलं. ते निवडणुकीत मोडतं, त्यामुळे तिथे कलम उपयोगी पडलं नाही. अर्ज राहिला.

आजची स्थिती अशी. बाईंना हसायला अजूनही काही दिवस उशीर होतो, फेब्रुवारी-मार्चमध्ये जास्त. पाड्यावरचा तो मुलगा आता पाट्यांवरून मोर्चा वळवून पोषण आहाराच्या पोत्यावरचा मजकूर वाचतो आणि त्यातल्या चुका काढतो. यजमानांची पाळी बदलली की घराचं गणित बिघडतं. मुलगी दहावीत जाणार, तिचा क्लास सकाळी होणार, म्हणजे संध्याकाळची स्कूटी बंद. मुलीचं म्हणणं, सकाळी सोडायला तूच ये, सिग्नल तेच आहेत. बाईंचं म्हणणं, त्या वेळी चार डबे कोण भरणार. यजमानांनी दोन डबे आपल्याकडे घ्यायची तयारी दाखवली आहे, पोळ्या सोडून. पोळ्यांचं अजून ठरलेलं नाही.